तेच कार्ड, दुसरा बोर्ड : चोपड्यातल्या केळी चेंबरचं एक प्रकरण

चोपडा तालुक्यातल्या एका केळी पिकवणाऱ्या केंद्रावर सहा रायपनिंग चेंबर आहेत. प्रत्येक चेंबरच्या दाराशेजारी भिंतीवरच्या प्लास्टिकच्या डब्यात एक रास्पबेरी पाय बोर्ड (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) आणि आठ रिलेंचं (विजेच्या स्वयंचलित खटक्यांचं) कार्ड बसवलेलं आहे. आत तीन सेन्सर टांगलेले आहेत : तापमानासाठी डीएस१८बी२०, आर्द्रतेसाठी डीएचटी२२ आणि कार्बन डायऑक्साइडसाठी सिरियल तारेवर बोलणारा एक. हिरव्या घडांना १६ ते १८ अंश तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते. पहिले साधारण २४ तास हवेत दशलक्षात १०० भाग इथिलीन सोडतात. कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या वर गेला की पिकणं मंदावतं, म्हणून ठरावीक वेळाने पंखे लावून हवा बदलावी लागते. आर्द्रता पडली तर घडाचं वजन घटतं आणि हाताळताना सालीला पडलेले ओरखडे काळे दिसू लागतात. भाव पडायला तेवढं पुरतं.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना चेंबर क्रमांक ४ चा बोर्ड बंद पडला. तो रास्पबेरी पाय १, मॉडेल बी प्लस होता : एकच कोअर, ७०० मेगाहर्ट्झ, ५१२ एमबी मेमरी. कपाटात पाय ३, मॉडेल बी प्लस होता : चार कोअर, १.४ गिगाहर्ट्झ, १ जीबी. दोघांच्या ४० पिनांची मांडणी सारखी, मेमरी कार्डही दोघांना मायक्रोएसडीच लागतं. जुन्या बोर्डातलं कार्ड काढून नव्यात घातलं आणि वीज दिली. बोर्ड सुरू झाला, नेटवर्क आलं, तापमान दिसू लागलं, रिले टकटक वाजले. आर्द्रतेचा रकाना मात्र रिकामा राहिला. आर्द्रता कळत नाही म्हणून नियंत्रण करणाऱ्या प्रोग्रामने ह्युमिडिफायर बंद ठेवला. तिथवर त्याचं वागणं बरोबरच होतं.

चेंबर सांभाळणाऱ्या माणसाचा प्रश्न रास्त होता. काही दिवसांपूर्वी केंद्राच्या ऑफिसातला जुना कोअर २ ड्युओ संगणक काढून दहाव्या पिढीचा आय३ आणला होता. जुनी डिस्क, तिच्यावरच्या लिनक्ससकट, नव्या यंत्राला जोडली आणि सगळं पहिल्यासारखं चाललं. "ऑफिसनी डिस्क चालनी, मंग हाई कार्ड काबर चालत नही?"

या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर पुढचा सगळा उलगडा होतो. म्हणून आधी डिस्क का चालली ते पाहू.

डिस्क का चालली

इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरांसाठी लिनक्सची वितरणं (तयार संच) एकच कर्नेल (लिनक्सचा गाभा) देतात. ते बांधताना सगळ्यात जुन्या प्रोसेसरलाही कळतील अशा सूचना (प्रोसेसरच्या भाषेतले हुकूम) वापरतात. मग नव्या प्रोसेसरच्या जास्तीच्या क्षमता वाया जातात का? जात नाहीत, कारण सुरू होताना कर्नेल स्वतःचाच कोड जागेवर बदलून घेतं. या सोयीला ‘अल्टरनेटिव्ह्ज’ म्हणतात.

एक जागा जवळून पाहू. एखाद्या शब्दात किती बिट १ आहेत हे कर्नेलला वारंवार मोजावं लागतं. कोअर २ मध्ये त्यासाठी पॉपकाउंट ही सूचना नाही, म्हणून त्या जागी एका सॉफ्टवेअर फंक्शनला हाक असते. ही हाक ५ बाइट्सची. कर्नेलच्या फाइलीत वेगळ्या विभागात एक तक्ता असतो. त्याच्या प्रत्येक ओळीत मूळ सूचनेचा पत्ता, बदली सूचनेचा पत्ता, दोघींची लांबी आणि ही बदली कोणती क्षमता असेल तर करायची त्या क्षमतेचा क्रमांक असतो. सुरू होताना कर्नेल सीपीयूआयडी या सूचनेने प्रोसेसरला त्याच्या क्षमता विचारतं आणि तक्ता ओळीने तपासत जातं. आय३ वर पॉपकाउंट आहे असं दिसलं की ५ बाइट्सची हाक पुसून तिथे ४ किंवा ५ बाइट्सची पॉपकाउंट सूचना बसते. बाइट उरलाच तर त्यात काहीच न करणारी ‘नॉप’ भरली जाते.

याच्या उलट बाजूचं उदाहरण म्हणजे एसमॅप. वापरकर्त्याच्या मेमरीला कर्नेलने चुकून हात लावू नये, म्हणून नव्या प्रोसेसरांत हे कुलूप असतं. ते उघडायला स्टॅक (एसटीएसी) आणि लावायला क्लॅक (सीएलएसी) अशा ३ बाइट्सच्या दोन सूचना आहेत. कोअर २ ला त्या कळतच नाहीत. तिथे त्या चालवल्या असत्या तर कर्नेल जागीच कोसळलं असतं. म्हणून मूळ कोडमध्ये त्या जागी ३ बाइट्स नॉप असतात आणि क्षमता दिसली तरच खऱ्या सूचना बसतात. दर वेळी ‘जर असेल तर’ असं विचारायची शाखा ठेवता आली असती. पण ही जागा प्रत्येक सिस्टिम कॉलमध्ये अनेकदा लागते आणि तो खर्च दिवसाला कोट्यवधी वेळा पडला असता.

हे सगळं एकच कोअर जागा असताना, इंटरप्ट (हार्डवेअरचे मध्येच येणारे इशारे) बंद ठेवून आणि बाकीचे कोअर उठायच्या आत उरकतात. चालता कोड पायाखालून बदलायचा असेल तर दुसरं कोणी त्यावर चालत असता कामा नये. यंत्रात एकच कोअर असेल तर आणखी एक बदल होतो. कोअरांमधल्या समन्वयासाठी सूचनेच्या आधी लागणारा ‘लॉक’ हा एफ०चा बाइट बदलून तिथे निरुपद्रवी ३ई बसवतात. लांबी तेवढीच राहते आणि मेमरीवरची अडवणूक टळते. ऑफिसातल्या संगणकाच्या लॉगमध्ये ‘फ्रीइंग एसएमपी अल्टरनेटिव्ह्ज मेमरी’ अशी ओळ सापडते. ती या कामानंतरच्या साफसफाईची आहे.

म्हणजे डिस्क तीच असली तरी मेमरीत उतरलेलं कर्नेल दोन्ही यंत्रांवर बाइट-न्-बाइट सारखं नव्हतं. नवं यंत्र पाहून त्याने स्वतःला नव्याने शिवून घेतलं होतं.

पायवर कर्नेल एकच नसतं

पायच्या कार्डावर वेगळा डाव आहे. बूट विभागात एकापेक्षा जास्त कर्नेल ठेवलेली असतात. ‘कर्नेल.आयएमजी’ हे पाय १ आणि पाय झीरोच्या एआरएमव्ही६ (एआरएम सूचनासंचाची सहावी आवृत्ती, पुढे ‘व्ही६’) प्रोसेसरसाठी. ‘कर्नेल७.आयएमजी’ पाय २ आणि ३ साठी. ‘कर्नेल७एल.आयएमजी’ पाय ४ साठी, ज्यात ३२ बिट असूनही मोठ्या मेमरीचे पत्ते चालतात. ‘कर्नेल८.आयएमजी’ हे ६४ बिटांचं. कोणतं उचलायचं ते लिनक्स ठरवत नाही. त्याच्याही आधी ग्राफिक्स कोअरवर चालणारं फर्मवेअर बोर्ड ओळखतं, ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ वाचतं, योग्य कर्नेल आणि बोर्डाची डिव्हाइस ट्री फाइल (त्यावरच्या भागांची यादी) मेमरीत ठेवतं आणि मग एआरएम कोअर सोडतं. कार्ड पाय ३ मध्ये जाताच फर्मवेअरने मुकाट्याने दुसरं कर्नेल उचललं. जुन्या बोर्डावर ‘यूनेम -आर’ ही कर्नेलचं नाव सांगणारी आज्ञा दिल्यावर ५.१०.१०३+ दिसायचं, नव्यावर ५.१०.१०३-व्ही७+ दिसलं. या तीन अक्षरांच्या फरकातच पहिला बिघाड दडलेला होता.

इथे एक खबरदारी. पाय ३ बी प्लस मार्च २०१८ मध्ये आला. त्याआधीचं फर्मवेअर असलेलं कार्ड या बोर्डाला सुरूच करू शकत नाही. कर्नेलपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही. चेंबर ४ चं कार्ड अद्ययावत होतं म्हणून एवढं तरी झालं.

दोन वेगळी कर्नेल कशाला? एआरएमव्ही६ मध्ये मेमरी बॅरियर (वाचण्या-लिहिण्याचा क्रम पाळायला लावणारा अडसर) घालायला सहप्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, तर व्ही७ मध्ये त्यासाठी डीएमबी, डीएसबी, आयएसबी अशा थेट सूचना आहेत. ही यादी बरीच लांबते. दोन्हींना चालेल असं एक कर्नेल बांधता येतं, पण त्यात व्ही७ चा फायदा बराचसा सोडावा लागतो. पायचे कर्ते वेगळी बांधतात आणि या बोर्डांसाठी तेच योग्य आहे.

तरीही प्रत्येक कर्नेल आपल्या गटात स्वतःला जुळवून घेतंच. सुरुवातीच्या काही ओळींतच ते प्रोसेसरचा ओळख क्रमांक वाचतं. पाय १ वर तो ४१०एफबी७६७, पाय ३ वर ४१०एफडी०३४. कर्नेलच्या आतल्या तक्त्यात त्या क्रमांकाशी जुळणारी ओळ सापडली की कॅश कशी धुवायची, टीएलबी (पत्त्यांची तात्पुरती यादी) कसा रिकामा करायचा, पान कसं कॉपी करायचं या फंक्शनांचे पत्ते तिथून मिळतात. ओळ सापडली नाही तर कर्नेल तिथेच थांबतं आणि बहुतेक वेळा पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. हाताने चुकीचं कर्नेल लादल्यावर बोर्ड मुका का होतो, त्याचं एक कारण हे.

ओळख पटवताना एका गोष्टीने फसू नये. पाय १ च्या लॉगमध्ये ‘एआरएमव्ही६-कंपॅटिबल प्रोसेसर’ असं लिहून त्याच ओळीत पुढे कंसात एआरएमव्ही७ असं छापलेलं असतं. तो कंस प्रोसेसरच्या मेमरी व्यवस्थेच्या नोंदीवरून भरला जातो, सूचनासंचावरून नाही. बोर्ड व्ही६ च आहे.

पहिला बिघाड : मॉड्यूल सापडतं, पण बसत नाही

डीएचटी२२ वाचणारा कोड कर्नेलबरोबर आलेला नव्हता. रिले कार्ड पुरवणाऱ्याने दिलेलं ते वेगळं मॉड्यूल (कर्नेलला जोडायचा सुटा तुकडा) होतं आणि ते पाय १ वरच बांधलेलं होतं. मॉड्यूलं कर्नेलच्या नावाच्या फोल्डरात राहतात. हे ५.१०.१०३+ च्या फोल्डरात होतं. नव्या बोर्डावर मॉड्यूल भरणाऱ्या मॉडप्रोबने ५.१०.१०३-व्ही७+ च्या फोल्डरात शोधलं आणि ‘सापडलं नाही’ म्हणून सांगितलं.

पुढचं पाऊल नेहमीचंच पडलं : फाइलचा पूर्ण पत्ता देऊन ती थेट भरणारं इन्समॉड. उत्तर आलं, ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’. हा संदेश दिशाभूल करतो, फाइल खराब झाली असावी असं वाटतं. खरं कारण कर्नेलच्या लॉगमध्ये असतं. मॉड्यूल_लेआउट या चिन्हाच्या आवृत्तीबाबत मॉड्यूलचं आणि कर्नेलचं जुळत नाही, असं तिथे लिहिलेलं होतं. मॉडइन्फो या आज्ञेने मॉड्यूलचा व्हरमॅजिक (ते कोणत्या कर्नेलसाठी बांधलं त्याची खूण) काढला तर तो असा होता : ‘५.१०.१०३+ मॉड_अनलोड मॉडव्हर्शन्स एआरएमव्ही६ पी२व्ही८’. नव्या कर्नेलबरोबर आलेल्या कुठल्याही मॉड्यूलचा मात्र असा : ‘५.१०.१०३-व्ही७+ एसएमपी मॉड_अनलोड मॉडव्हर्शन्स एआरएमव्ही७ पी२व्ही८’.

या ओळीतला प्रत्येक शब्द म्हणजे कर्नेल प्रोसेसरशी कुठे आणि कसं जुळवून घेतं त्याची खूण आहे. शेवटचा पी२व्ही८ दोन्हींत सारखा आहे आणि सगळ्यात सुंदर तोच आहे. ३२ बिट एआरएमवर कर्नेलच्या आभासी पत्त्यावरून खरा पत्ता काढायचा म्हणजे एक ठरावीक आकडा मिळवायचा किंवा वजा करायचा. पण मेमरी कुठून सुरू होते ते चिपागणिक बदलतं, म्हणून बांधताना तो आकडा ठाऊक नसतो. कर्नेल अशा प्रत्येक बेरीज-वजाबाकीच्या सूचनेचा पत्ता एका तक्त्यात टिपून ठेवतं. सुरू झाल्यावर खरा फरक काढतं आणि प्रत्येक सूचनेच्या पोटातला आकडा बदलतं. एआरएमच्या अशा सूचनेत ८ बिटांचाच आकडा मावतो, तो हव्या त्या स्थानावर सरकवता येतो. या आवृत्तीत फरक १६ एमबीच्या पटीत ठेवायची अट आहे, त्यामुळे ३२ पैकी खालचे २४ बिट शून्य राहतात आणि वरचे नेमके ८ उरतात. पी२व्ही८ मधला ८ तो. मॉड्यूल भरतानाही त्यातल्या अशा सूचनांवर हाच संस्कार होतो.

‘एसएमपी’ (अनेक कोअरसाठी बांधलेलं) हा शब्द मात्र एकाच ओळीत आहे आणि खरा धोका तिथे आहे. अशा वेळी ‘फोर्स’ करून भरा असा सल्ला हमखास मिळतो. काही कर्नेलांत ती सोय चालू असते. ती का वापरू नये ते बाइट्समध्ये पाहू.

कर्नेलमध्ये प्रतीक्षा-रांग ही एक छोटी रचना असते : आधी एक स्पिनलॉक (दुसऱ्या कोअरला थांबवणारं कुलूप), मग यादीचे दोन पॉइंटर. एका कोअरच्या कर्नेलमध्ये स्पिनलॉकला काही कामच नसतं, म्हणून डीबगिंगचे पर्याय बंद असतील तर त्याची लांबी शून्य बाइट असते. रांग ८ बाइट्सची आणि पहिला पॉइंटर अगदी सुरुवातीला. अनेक कोअरच्या कर्नेलमध्ये तोच लॉक ४ बाइट्स घेतो. रांग १२ बाइट्सची आणि पॉइंटर ४ बाइट्स पुढे. आता व्ही६ च्या मॉड्यूलने आपली ८ बाइट्सची रांग बनवली आणि व्ही७ च्या कर्नेलला ‘हिच्यातल्यांना उठव’ म्हणून दिली. कर्नेल पहिले ४ बाइट्स लॉक समजून वाचतं. तिथे आहे एक पत्ता. एआरएमचा लॉक टोकनसारखा असतो, १६ बिटांत पुढचा नंबर आणि १६ बिटांत चालू नंबर. पत्त्याचे दोन अर्धे सहसा सारखे नसतात. कर्नेलला वाटतं आपला नंबर यायचाय आणि ते कायमचं थांबतं. त्या जागी त्रुटीचा संदेश नाही, बोर्ड गोठलेला. आत घड पिकत असताना, ह्युमिडिफायरचा आणि पंख्याचा रिले ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत.

म्हणून ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ ही अडवणूक नसून संरक्षण आहे.

त्यातही एक फट आहे, ती पाय ४ घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. मॉडव्हर्शन्स (चिन्हांच्या आवृत्त्या तपासायची सोय) चालू असलं की कर्नेल व्हरमॅजिकमधला पहिला शब्द, म्हणजे आवृत्तीचं नाव, तुलनेत धरत नाही. उरलेले शब्द पाय ३ च्या आणि पाय ४ च्या ३२ बिट कर्नेलांत अगदी सारखे आहेत. पण पाय ४ च्या कर्नेलमध्ये खरा पत्ता ६४ बिटांचा असतो, पाय ३ च्या कर्नेलमध्ये ३२ चा. हा फरक व्हरमॅजिकमध्ये दिसत नाही. तिथे प्रत्येक चिन्हाच्या प्रकारांवरून काढलेला सीआरसी (पडताळणीचा आकडा) एवढाच पहारेकरी उरतो.

बांधणी दोन्हींसाठी

उपाय सरळ आहे : मॉड्यूल व्ही७ साठी पुन्हा बांधायचं. पायच्या त्या वेळच्या कर्नेल-हेडर्स पॅकेजमध्ये (बांधणीला लागणाऱ्या फाइलींच्या संचात) +, -व्ही७+ आणि -व्ही७एल+ या तिन्हींची हेडर्स यायची, त्यामुळे एकाच कार्डावर तिन्ही बांधता आली. प्रत्येकासाठी सोर्सची वेगळी प्रत घ्यावी, एकाची उरलेली ऑब्जेक्ट फाइल दुसऱ्यात मिसळण्याचा प्रश्नच मिटतो. मेकला ‘-सी’ने त्या त्या कर्नेलच्या फोल्डरातलं ‘बिल्ड’ दाखवायचं, ‘एम’मध्ये आपलं फोल्डर द्यायचं. मग ‘मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ आणि शेवटी मॉड्यूलांची यादी बनवणारं डेपमॉड. डेपमॉडला कर्नेलचं पूर्ण नाव द्यायला विसरू नये. नाव न देता चालवलं तर ते फक्त चालू कर्नेलची यादी बनवतं आणि राखीव बोर्डावर तोच बिघाड पुन्हा उभा राहतो. मॉड्यूल आपोआप बांधणारं डीकेएमएस वापरत असाल तर तेही एरवी चालू कर्नेलपुरतंच बांधतं. बाकीच्यांसाठी ‘-के’ देऊन एकेक सांगावं लागतं.

बांधून झाल्यावर तिन्ही फोल्डरांतल्या फाइलींवर मॉडइन्फो चालवून व्हरमॅजिक डोळ्यांनी वाचला. चेंबर ४ वर मॉड्यूल भरलं गेलं, लॉग स्वच्छ. रकान्यात आर्द्रता आली, आणि दहा मिनिटांत पुन्हा गेली. मग आली, मग गेली.

दुसरा बिघाड : हाताने मोजलेली फेरी

डीएचटी२२ एका तारेवर ४० बिट पाठवतो : १६ आर्द्रतेचे, १६ तापमानाचे, ८ पडताळणीचे. प्रत्येक बिटाआधी तार सुमारे ५० मायक्रोसेकंद खाली असते. मग ती वर जाते आणि किती वेळ वर राहते त्यावर बिट ठरतो. २६ ते २८ मायक्रोसेकंद म्हणजे ०, ७० म्हणजे १. मॉड्यूलची युक्ती अशी होती की तार वर गेल्यावर ४० मायक्रोसेकंद थांबायचं आणि बघायचं, अजून वर असेल तर १.

युक्ती चांगली, थांबण्याची रीत वाईट. ते ४० मायक्रोसेकंद एका रिकाम्या ‘फॉर’ फेरीने काढलेले होते आणि फेऱ्यांचा आकडा ७०० मेगाहर्ट्झच्या पाय १ वर जुळवून घेतलेला होता. पाय ३ चा कोअर १.४ गिगाहर्ट्झवर धावला की हेच थांबणं २० मायक्रोसेकंदांवर किंवा त्याहून खाली येतं. तेव्हा ० चा बिटसुद्धा अजून वरच असतो. परिणामी ४० च्या ४० बिट १. पहिले चार बाइट २५५, त्यांची बेरीज १०२०, तिचा खालचा बाइट २५२. पडताळणीचा बाइट मात्र २५५. जुळत नाही, वाचन बाद. निदान करताना कच्चे बाइट छापले तेव्हा हे पाच २५५ एका ओळीत दिसले आणि शंका उरली नाही.

मग अधूनमधून बरोबर का यायचं? पाय ३ बी प्लस काम नसताना ६०० मेगाहर्ट्झवर उतरतो. तेव्हा तीच फेरी ४० च्या आसपास जाते आणि वाचन बरोबर येतं. उष्णतेनेही खेळ केला : चिप ६० अंशांच्या वर गेली की हा बोर्ड १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर येतो आणि मे महिन्यात बंद डब्यात ६० ओलांडायला वेळ लागत नाही. वायर सैल असेल, सेन्सरमध्ये पाणी गेलं असेल, असे तर्क या चढउतारामुळे सुचतात. सेन्सर बदलून काही फरक पडला नसता.

कर्नेलकडे यासाठी ‘यूडीले’ आहे आणि तेही प्रोसेसर पाहून स्वतःला बदलतं. पाय १ वर कर्नेल सुरू होताना एका ठरावीक वेळात किती फेऱ्या बसतात ते मोजतं. लॉगमधला ६९७.९५ बोगोमिप्स हा आकडा त्यातूनच येतो आणि ४० मायक्रोसेकंदांना सुमारे १४ हजार फेऱ्या होतात. पाय ३ वर १९.२ मेगाहर्ट्झचा वेगळा टायमर आहे. तो दिसला की कर्नेल फेरी मोजणं सोडून देतं आणि यूडीलेचा पॉइंटर टायमरवाल्या फंक्शनकडे वळवतं. ४० मायक्रोसेकंद म्हणजे टायमरचे ७६८ ठोके, कोअर कितीही वेगाने धावो. म्हणूनच पाय ३ चा बोगोमिप्स ३८.४० दिसतो. तो पाहून नवा बोर्ड जुन्यापेक्षा मंद आहे असं समजणारे भेटतात. तो टायमरच्या गतीचा आकडा आहे, कोअरच्या नाही.

फेरी काढून यूडीले घातल्यावर वाचनं जुळली. पण एवढ्यावर थांबू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. नेमकं वाचायचं तर मॉड्यूलला जवळजवळ ५ मिलिसेकंद इंटरप्ट बंद ठेवावे लागतात. चार कोअरच्या बोर्डावर ते खपून जातं, एका कोअरच्या बोर्डावर तेवढा वेळ नेटवर्क आणि यूएसबी ताटकळतात. शिवाय मुख्य कर्नेलमध्ये ‘डीएचटी११’ नावाचा ड्रायव्हर आधीपासून आहे, तो डीएचटी२२ ही वाचतो. तो थांबत बसत नाही. तार वर-खाली होताना येणाऱ्या प्रत्येक इंटरप्टला वेळेचा शिक्का मारतो आणि मग अंतरांवरून बिट ओळखतो. तो कर्नेलबरोबरच बांधला जातो, त्यामुळे व्ही६, व्ही७, व्ही७एल यांतलं काहीही उचललं तरी जुळणारी प्रत तिथे असतेच. चेंबर ४ वर पुरवठादाराचं मॉड्यूल काढून हाच लावला.

कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये ‘डीटीओव्हरले=डीएचटी११,जीपीआयओपिन=१७’ अशी ओळ लागते. पिन सांगणं इथे आवश्यक आहे, कारण या ओव्हरलेची (सेन्सरची ओळख देणाऱ्या जोड-फाइलीची) ठरलेली पिन ४ आहे आणि डीएस१८बी२० च्या ओव्हरलेचीही ४ च. दोन्ही न सांगता लावले तर एकच चालतो. आर्द्रता टक्क्याच्या हजाराव्या भागांत येते, ९२४०० म्हणजे ९२.४ टक्के. एखादं वाचन चुकतंच, तेव्हा प्रोग्रामने २ सेकंद थांबून पुन्हा विचारावं. त्याहून लवकर विचारलं तर सेन्सरच तयार नसतो.

बोर्ड बदलताना निघालेल्या आणखी दोन गोष्टी, ज्यांचा कर्नेलच्या कोडशी संबंध कमी आहे. पाय ३ वर चांगला सिरियल पोर्ट ब्लूटूथकडे जातो आणि पिनांवर लहान पोर्ट येतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरसाठी प्रोग्राममध्ये ‘टीटीवायएएमए०’ ऐवजी ‘सिरियल०’ लिहावं आणि कॉन्फिगमध्ये ‘एनेबल_यूएआरटी=१’ ठेवावं. आणि जुन्या बोर्डासाठी बनवलेलं कार्ड नव्यात चालतं याचा अर्थ उलटही चालतं असा नाही. रास्पबियनचे (पायवरच्या ३२ बिट लिनक्सचे) प्रोग्राम व्ही६ साठी बांधलेले असतात म्हणून वर सरकतात. पाय ३ वर ‘मार्च=नेटिव्ह’ (याच प्रोसेसरसाठी बांध) देऊन बांधलेला प्रोग्राम पाय १ वर ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडतो. वापरकर्त्याच्या प्रोग्रामला कर्नेल सूचना बदलून देत नाही.

राखीव बोर्डाची परीक्षा

कपाटात आणखी एक बोर्ड होता, पाय झीरो डब्ल्यू. त्याचा कोअर पाय १ चाच, कर्नेल.आयएमजी तेच, फोल्डर तेच. पुरवठादाराचं जुनं मॉड्यूल त्यावर एकही तक्रार न करता भरलं गेलं असतं. व्हरमॅजिक जुळतो, सीआरसी जुळतात. पण झीरो डब्ल्यू १ गिगाहर्ट्झवर चालतो. कोअर तोच असल्याने हिशोब नेमका बसतो : ७०० मेगाहर्ट्झवरची ४० मायक्रोसेकंदांची फेरी इथे २८ ची होते. ० चा बिट २६ ते २८ मायक्रोसेकंद वर असतो. मॉड्यूल नेमक्या त्या कडेवर बघतं आणि काही ० हे १ म्हणून वाचतं, काही नाही. त्यात ८ बिटांची पडताळणी क्वचित योगायोगाने जुळूही शकते, आणि तेव्हा खोटी आर्द्रता खरी म्हणून प्रोग्रामपर्यंत पोहोचते. पाय ३ वर वाचन बाद होऊन निदान रकाना तरी रिकामा राहत होता.

म्हणून उरलेल्या पाचही चेंबरांच्या कार्डांवरून ते मॉड्यूल काढून डीएचटी११ चा ओव्हरले लावला. राखीव बोर्डांची तपासणी अशी ठरवली : प्रत्येक कार्ड दोन्ही बोर्डांत घालून ‘परफॉर्मन्स’ गव्हर्नरवर (कोअर पूर्ण वेगात) १०० वाचनं, मग ‘पॉवरसेव्ह’वर (सर्वात कमी वेगात) १००, दोन वाचनांत २ सेकंद. एका फेरीला साडेतीन मिनिटांच्या आत वेळ लागतो. बाद वाचनांची संख्या, यूनेमचं उत्तर आणि लॉगमधली प्रोसेसरची ओळ डब्याच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहायची, बोर्डाच्या नावासकट.